डिलनचा 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' : पडत्या काळातल्या सिनेमा-अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या चाहत्यांना एका खोलीत बसवून १९७३ सालच्या या अल्बमचं नाव काढलं, की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एका तटाच्या मते डिलनने इथे निव्वळ पाट्या टाकल्या, दुसऱ्याच्या मते त्याचं सगळ्यात निवांत संगीत इथेच आहे. नव्याने ऐकणाऱ्यांना पडणारे प्रश्न मात्र बहुतेक वेळा सारखेच असतात. ते इथे एका जागी घेतले आहेत. तारखा आणि आकडे नोंदींतले आहेत, मतं माझी आहेत.

हा अल्बम नेमका कसला? गाण्यांचा की पार्श्वसंगीताचा?

दोन्हींचा, आणि तिथेच गोम आहे. सॅम पेकिनपा दिग्दर्शित 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' हा वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-बंदुकांचा, सिनेमा मे १९७३ मध्ये अमेरिकेत लागला. त्याच नावाचा अल्बम कोलंबिया कंपनीने जुलैमध्ये बाजारात आणला. एकूण दहा तुकडे, जेमतेम पस्तीस मिनिटं. त्यातल्या चारच तुकड्यांना शब्द आहेत, आणि त्या चारांतली तीन म्हणजे एकाच गाण्याची तीन रूपं. बाकी सहा तुकड्यांत वाद्यं आहेत किंवा नुसता आलाप-गुणगुण. म्हणजे शब्दांसाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाने शब्द असलेली नवी गाणी दिली किती, तर दोन!

आपल्याकडे सिनेमाची रेकॉर्ड म्हणजे गाण्यांची रेकॉर्ड. पार्श्वसंगीत थिएटरातच राहायचं, घरी यायचं नाही. त्यामुळे मराठी श्रोता हा अल्बम लावतो आणि तिसऱ्या मिनिटाला विचारतो, 'अरे, हा गाणार कधी?' पहिला तुकडा सहा मिनिटांचा आहे आणि त्यात तो अजिबात गात नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

'पडता काळ' म्हणतात तो कुठला? डिलनला खरोखर काही सुचत नव्हतं का?

जुलै १९६६ मध्ये वुडस्टॉकजवळ मोटारसायकलवरून पडल्यानंतर डिलन दौऱ्यांमधून बाहेर पडला. त्यानंतरही १९६७ ते १९६९ या काळात त्याने चांगलं काम केलं, त्यामुळे अपघाताला सगळा दोष देणं बरोबर नाही. खरा घोळ जून १९७० मध्ये झाला. 'सेल्फ पोर्ट्रेट' हा चोवीस तुकड्यांचा दुहेरी अल्बम आला आणि त्यात निम्म्याहून जास्त दुसऱ्यांचीच गाणी निघाली. 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक नियतकालिकात ग्रील मार्कसने लिहिलेल्या परीक्षणाची सुरुवातच एका शिवीवजा प्रश्नाने झाली होती. चारच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, 'न्यू मॉर्निंग' आला. लोकांना हायसं वाटलं, आणि मग पुन्हा शांतता.

१९७१ मध्ये दोन सुटी गाणी आणि जुन्या गाण्यांच्या संग्रहात घातलेले काही नवे तुकडे एवढंच. त्यातलं 'वॉचिंग द रिव्हर फ्लो' ऐका: आपल्याजवळ सांगण्यासारखं फारसं काही नाही, हे तो पहिल्याच ओळीत कबूल करून टाकतो. १९७२ मध्ये नवा अल्बम आलाच नाही. आज गायक तीन-तीन वर्षं गप्प बसतात आणि कोणी विचारत नाही. पण १९६२ ते १९६६ या पाच वर्षांत सात अल्बम काढलेल्या माणसाचं हे मौन होतं, म्हणून ते लोकांच्या कानाला एवढं टोचलं.

पुढे १९७८ च्या सुमारास मुलाखतींमध्ये डिलनने या काळाबद्दल सांगितलं ते साधारण असं: एक दिवस दिवे गेले, स्मृती गेल्यासारखं झालं, आणि पूर्वी जे आपोआप व्हायचं ते जाणीवपूर्वक करायला शिकण्यात बरीच वर्षं गेली. मला ही कबुली पटते. पण तिच्या जोडीला दुसरंही ध्यानात ठेवावं लागतं. घरात पाच मुलं होती, दाराशी 'पिढीचा आवाज' शोधत येणारी मंडळी होती, आणि त्या बिरुदापासून पळायचं होतं. सुचत नव्हतं हे खरं, पण सुचावं अशी त्याची घाईही दिसत नाही.

मग तो या सिनेमात शिरला कसा?

पटकथाकार रूडी वर्लिट्झर आणि नट-गायक क्रिस क्रिस्टॉफरसन यांच्या ओळखीतून. क्रिस्टॉफरसन फरारी बिलीच्या भूमिकेत होता, जेम्स कोबर्न त्याच्या मागावरच्या शेरीफ पॅट गॅरेटच्या. १९७२ च्या अखेरीस डिलन मेक्सिकोतल्या दुरांगोला पोचला.

कोबर्नने सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. पेकिनपाला डिलनच्या कीर्तीचं काडीचंही कौतुक नव्हतं. रात्रीच्या जेवणानंतर, टकीला झाल्यावर, 'बघू तुझ्याजवळ काय आहे' म्हणून त्याने डिलनला आतल्या कोपऱ्यात नेलं. डिलनने गिटारवर आपली गाणी म्हटली आणि पेकिनपा रुमालाने डोळे पुसत बाहेर आला. आल्या आल्या हुकूम सुटला, या पोराला घ्या.

पडद्यावर डिलन काय करतो?

फार काही नाही, आणि ते बरंच म्हणायचं. त्याच्या पात्राचं नाव एलियस, म्हणजे 'ऊर्फ'. कोणी नाव विचारलं तर 'काय हवं ते म्हणा' अशा थाटाचं उत्तर देतो. मूळचा झिमरमन असलेल्या आणि 'डिलन' हे नाव नंतर घेतलेल्या माणसाला ही भूमिका मिळावी हा योगायोग नसावा.

एक प्रसंग मात्र चुकवू नका. दुकानवजा गुत्त्यात गॅरेट बंदूक रोखून बसलाय. एलियसने मध्ये पडू नये म्हणून गॅरेट त्याला फळीवरच्या डबाबंद खाद्यपदार्थांची लेबलं मोठ्याने वाचायला लावतो. इकडे माणूस मरायच्या बेतात आहे आणि तिकडे विसाव्या शतकातला सगळ्यात गाजलेला गीतकार भिंतीकडे तोंड करून कडधान्याच्या डब्यांवरची नावं वाचतोय. चष्मा सावरत, अडखळत, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा. त्या क्षणी त्याचा अभिनय उत्तम वाटतो, कारण त्याला खरोखरच काय करावं ते कळत नसावं.

शूटिंगच्या गोंधळाच्या कथा खऱ्या आहेत का?

पुष्कळशा खऱ्या आहेत. पेकिनपाचं पिणं हाताबाहेर गेलं होतं. एमजीएम स्टुडिओचा प्रमुख जेम्स ऑब्री आणि तो यांचं हाडवैर होतं. कॅमेऱ्यात बिघाड होऊन चित्रित झालेल्या भागाचा खालचा हिस्सा धूसर आला, आणि पुन्हा शूटिंगला स्टुडिओने पैसे नाकारले. ते फुटेज बघताना पेकिनपाने खुर्चीवर उभं राहून पडद्यावर लघवी केली, असं क्रिस्टॉफरसनने सांगून ठेवलंय. डिलन शेजारीच बसला होता. या सगळ्यातून असा संथ, उदास सिनेमा निघाला याचंच नवल.

रेकॉर्डिंग कुठे झालं?

दोन ठिकाणी. पहिली बैठक २० जानेवारी १९७३ ला मेक्सिको सिटीतल्या स्टुडिओत झाली. रात्रभर काम चाललं आणि हाती लागलं थोडंच. त्या रात्रीचा एकच तुकडा अल्बमवर आहे, 'बिली ४'. बाकीचं सगळं फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या बरबँकला झालं.

बरबँकला जमलेली माणसं बघितली तर 'पाट्या टाकल्या' हा आरोप थोडा ढिला पडतो. गिटारवर ब्रूस लँगहॉर्न, जो १९६२ पासून डिलनच्या कामात होता आणि ज्याने १९७१ मध्ये स्वतः एका वेस्टर्नला फार सुंदर पार्श्वसंगीत दिलं होतं. बर्ड्स या बँडचा रॉजर मॅग्विन. ऑर्गनसाठी नावाजलेला बुकर टी. जोन्स इथे बेस वाजवतो. ड्रम्सवर जिम केल्टनर, फिडलवर बायरन बर्लाइन. निर्माता म्हणून नाव गॉर्डन कॅरोलचं आहे, आणि हा गृहस्थ रेकॉर्ड कंपनीचा नव्हे, सिनेमाचा निर्माता. यावरून अल्बमची दिशा कळते. काम सिनेमाचं होतं, रेकॉर्ड नंतर निघाली.

जेरी फील्डिंगशी काय बिनसलं?

माझ्या मते या अल्बमची सगळी कथा या एका भांडणात आहे.

जेरी फील्डिंग हा पेकिनपाचा नेहमीचा संगीतकार. 'द वाइल्ड बंच' आणि 'स्ट्रॉ डॉग्ज' या दोन्ही सिनेमांच्या संगीतासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालेलं. स्वरलिपी, मोजलेले सेकंद, वाद्यवृंद अशा शिस्तीत वाढलेला माणूस. त्याला डिलनवर देखरेख करायला बोलावलं. डिलनजवळ तेव्हा एकच गाणं होतं, बिलीचं. त्याची कडवी मारुतीच्या शेपटीसारखी वाढत जायची आणि डिलन ती कुठल्याही क्रमाने गायचा. कागदावर काहीच नाही. फील्डिंगला ते टेपवर घेऊन दुसऱ्याकडून लिहवून घ्यावं लागलं. त्याने रास्त सूचना केली: एका पोवाड्यावर अख्खा सिनेमा निघणार नाही, निदान आणखी एक चीज तरी लिही.

डिलनने लिहून आणली. ती म्हणजे 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर'.

हजर असलेल्या सगळ्यांना ती आवडली, फील्डिंगला सोडून. त्याला ती टाकाऊ वाटली, आणि तसं त्याने पुढे शेलक्या शब्दांत सांगितलंही. त्याने काम सोडलं. आज त्याला हसणं सोपं आहे, पण त्याच्या जागी बसून बघा. तीन-चार कॉर्ड्स, दोन छोटी कडवी, तोच धृपद पुन्हा पुन्हा. चित्रपट-संगीतकाराला त्यात कारागिरी दिसणार कुठून? मला फील्डिंगबद्दल सहानुभूती वाटते. 'आणखी एक लिही' हा आग्रह त्याचाच होता. त्याने तो धरला नसता तर हे गाणं कदाचित झालंच नसतं.

आणि पडत्या काळाचं कोडंही इथेच थोडं सुटतं. स्वतःचं असं सांगायला काही उरलं नव्हतं, तेव्हा दुसऱ्याचं काम अंगावर आलं: मरणारा माणूस कोण, कुठे बसलाय, शेजारी कोण आहे, हे सगळं ठरलेलं. डिलनच्या अमेरिकन चाहत्यांना हे कमी दर्जाचं वाटलं, कारण त्यांच्या लेखी कवीने मनातलं लिहावं. मराठी माणसाला यात काही कमीपणा दिसायचं कारण नाही. गदिमा, शांताबाई, खेबूडकर यांची निम्मी थोरवी दुसऱ्याने सांगितलेल्या 'सिच्युएशन'वर उभी आहे. प्रसंग सांगा, चाल ऐकवा, गाणं घेऊन जा. डिलनला हा अनुभव जवळजवळ नवा होता, आणि तो त्याला मानवला.

हे गाणं सिनेमात कुठे येतं?

शेरीफ बेकर नावाचा म्हातारा पोलीस अधिकारी आहे. ही भूमिका स्लिम पिकन्सने केली आहे, जो एरवी विनोदी कामांसाठी ओळखला जायचा. त्याच्या बायकोच्या भूमिकेत केटी हुराडो. बेकरला होडी बांधून हा मुलूख सोडायचाय. गॅरेट त्याला एका चकमकीत ओढतो, पोटात गोळी लागते. तो पोट धरून चालत नदीकाठी जातो आणि एका दगडावर बसतो. बायको काही अंतरावर गुडघे टेकते. ती त्याच्याकडे बघते, तो पाण्याकडे आणि मग तिच्याकडे. कोणी कोणाशी बोलत नाही. उजेड संध्याकाळचा आहे.

बरबँकला हा प्रसंग मोठ्या पडद्यावर चालू ठेवून त्याच्यासमोर वादकांनी वाजवलं. केल्टनरने नंतर सांगितलं, की वाजवता वाजवता रडण्याची ती त्याची पहिलीच वेळ, आणि संपूर्ण टेकभर तो रडत होता. गाणं ऐकताना हे माहीत असलं की ड्रम्स इतके मागे, इतके हळू का आहेत ते समजतं.

गाण्यात एवढं काय आहे? गिटार शिकणारा प्रत्येक जण तेच का वाजवतो?

कारण चार कॉर्ड्समध्ये काम होतं: जी, डी, ए मायनर सेव्हन, मग जी, डी, सी. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही कॉलेजात, गॅदरिंगच्या आदल्या रात्री, कोणी ना कोणी हे वाजवत असतंच. त्यातले बरेच जण ते गन्स अँड रोझेस या रॉक बँडचं समजतात. असो.

पण सोपं असल्यामुळे ते हलकं आहे असं नाही. मूळ गाणं अडीच मिनिटांचं आहे आणि कडवी दोनच. पहिल्यात तो छातीवरचा बिल्ला काढून घ्यायला सांगतो, दुसऱ्यात बंदुका जमिनीत ठेवायला. दोन्ही वेळा हाक आईला. बोलणारा पोलीस आहे, पण तसं गाण्यात कुठेच म्हटलेलं नाही, फक्त बिल्ला आहे. त्यामुळे सिनेमा न पाहिलेल्यालाही ते आपलं वाटतं. सैनिकाचं वाटतं, म्हाताऱ्याचं वाटतं, दवाखान्यातल्या माणसाचंही वाटतं. १९६५ चा डिलन याच प्रसंगावर सात मिनिटं आणि पंधरा पात्रं खर्च करता. इथे त्याच्याजवळ तेवढा शब्दसाठा नव्हता म्हणा, किंवा प्रसंगाला तो नको होता म्हणा. मी दुसरं म्हणेन.

काही प्रतींमध्ये या प्रसंगात गाणंच नाही, नुसती धून आहे. माझी प्रत खराब आहे का?

नाही. या सिनेमाच्या वेगवेगळ्या प्रती आहेत. १९७३ मध्ये एमजीएमने पेकिनपाला बाजूला सारून कापाकापी केलेली १०६ मिनिटांची प्रत लावली. १९८४ मध्ये पेकिनपा वारला. १९८८ मध्ये त्याच्या मूळ खासगी खेळाची, १२२ मिनिटांची प्रत बाहेर आली, तिच्यात नदीकाठी फक्त वाद्यसंगीत आहे, आवाज नाही. २००५ च्या ११५ मिनिटांच्या प्रतीत आवाज परत आला. २०२४ मध्ये क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने यातल्या जुन्या प्रती नव्या संकलनासह एकत्र दिल्या.

कुठली चांगली यावर लोक हमरीतुमरीवर येतात. बाकीचा सिनेमा १२२ मिनिटांचा बघावा, पण हा एक प्रसंग मात्र आवाजासह. डिलनचं 'मामा' कानावर पडल्याशिवाय केटी हुराडोचा चेहरा पुरता भिडत नाही.

'बिली' तीन वेळा का? भरती का?

थोडी भरती आहेच. नवीन काही नसेल तर तेच उलटून-पालटून द्यायचं, ही युक्ती कोणाच्या लक्षात येणार नाही असं नाही. पण तिन्ही एका दमात ऐकण्याऐवजी सुटी सुटी ऐका. 'बिली १' मध्ये गाणं अजून चालतंय. मेक्सिकोत झालेलं 'बिली ४' सगळ्यात उघडं, गिटार, माउथ ऑर्गन आणि आवाज, पहाटेपर्यंत जागलेल्या माणसाचा. 'बिली ७' मध्ये तो मुद्दाम खालच्या पट्टीत, जवळजवळ दुसऱ्याच कोणाच्या आवाजात गातो. मला 'बिली ४' पुरतं. इतर दोन नसती तरी चाललं असतं.

बाकीचे वाद्यसंगीताचे तुकडे ऐकण्यासारखे आहेत का?

सुरुवातीची 'मेन टायटल थीम' नक्की. दोन-तीन गिटारी एकमेकींच्या वाटेत न येता फिरत राहतात, खाली बेस, बाजूला खंजिरी. काहीच घडत नाही आणि सहा मिनिटं कुठे गेली कळत नाही. 'कँटिना थीम' मध्ये बाँगो आणि गिटार आहेत, तीही छान. 'रिव्हर थीम' दीड मिनिटाची गुणगुण. 'टर्की चेस' मध्ये बँजो-फिडलची धमाल आहे, पण अल्बममध्ये ती उपऱ्यासारखी वाटते. सिनेमात रानकोंबड्यांमागे धावतात तिथे तिचं काम आहे, घरी नाही. 'फायनल थीम' मध्ये बासरी, चेलो आणि कोरस आहे, आणि मूळ चाल ओळखीची वाटेल. शेवटी शेवटी ती जरा गोडमिट्ट होते.

तेव्हा समीक्षक काय म्हणाले? विक्री कशी झाली?

समीक्षकांनी सोलून काढलं. 'रोलिंग स्टोन'मध्ये जॉन लँडाऊने तो थेट 'सेल्फ पोर्ट्रेट'च्या पंगतीला बसवला, म्हणजे नवशिका आणि लाज आणणारा. हाच लँडाऊ पुढे रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा मॅनेजर झाला.

विक्री मात्र वाईट नव्हती. अल्बम अमेरिकेत १६ व्या क्रमांकापर्यंत गेला, ब्रिटनमध्ये २९ व्या. 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' अमेरिकेत १२ वर आणि ब्रिटनमध्ये १४ वर पोचलं. ज्या माणसाचं संपलं म्हणून लोक सांगत होते, त्याच्या नावावर हा आकडा वाईट नाही.

लँडाऊचं चुकलं कुठे, तर त्याने 'डिलनचा पुढचा अल्बम' म्हणून तो ऐकला. नाव, आवाज, कंपनी सगळं तेच, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. पण पडद्यासाठी केलेल्या कामाला गाण्यांच्या अल्बमची फूटपट्टी लावली की ते तोकडंच भरणार.

एल्व्हिस प्रेस्लीच्या सिनेमा-अल्बमांसारखंच हे प्रकरण नाही का?

वरवर तसं वाटतं, पण नाही. एल्व्हिसने साठच्या दशकात वर्षाला दोन-तीन सिनेमे केले. त्यांची गाणी कंत्राटानुसार घाईत लिहून यायची आणि तो ती गायचा. सिनेमा गाण्यांसाठी, गाणी रेकॉर्ड विकण्यासाठी आणि रेकॉर्ड सिनेमाच्या जाहिरातीसाठी. या रहाटगाडग्याने त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. डिलनच्या सिनेमात गाणं गायला कोणी थांबत नाही. आणि तो या वाटेवर वर्षानुवर्षं अडकून पडला नाही.

'वॅगन व्हील' गाण्याचा या अल्बमशी संबंध आहे म्हणतात, तो काय?

आहे, आणि गमतीदार आहे. याच बैठकांमध्ये डिलनने एक अर्धवट तुकडा गायला होता. धृपद ठीक, कडव्यांच्या जागी तोंडातल्या तोंडात काहीतरी. तो अल्बममध्ये नाही. चोरट्या टेपवरून तो केच सेकोर या शाळकरी पोराच्या हाती लागला, त्याने कडवी रचली आणि पुढे त्याच्या ओल्ड क्रो मेडिसिन शो या मंडळींनी २००४ च्या अल्बमवर ते गाणं दिलं. श्रेय डिलन आणि सेकोर असं दोघांना आहे. डिलनने म्हणे सांगितलं की मूळ ओळ ब्लूज गायक आर्थर क्रुडपची, आणि क्रुडपने ती बिग बिल ब्रून्झीकडून उचललेली. २०१३ मध्ये कंट्री गायक डेरियस रकरने ते गायलं आणि ते अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिलं आलं. म्हणजे पडत्या काळात फेकून दिलेल्या तुकड्यावर दुसऱ्याचं घर उभं राहिलं.

'नॉकिन...' कोणाकोणाचं ऐकावं?

मूळ सोडून? एरिक क्लॅप्टनचं १९७५ चं, रेगेच्या अंगाने जाणारं. गन्स अँड रोझेसचं १९९० च्या सुमाराचं, प्रचंड लोकप्रिय, माझ्या कानाला जरा आरडाओरड्याचं. स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावात मार्च १९९६ मध्ये शाळेत शिरलेल्या बंदूकधाऱ्याने सोळा मुलं आणि त्यांची शिक्षिका यांना मारलं. त्यानंतर तिथल्या टेड क्रिस्टोफरने डिलनच्या परवानगीने एक नवं कडवं घालून हे गाणं केलं. त्यात गावातली मुलं गायली, गिटार मार्क नॉफ्लरची. डिसेंबरात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. बंदुका जमिनीत ठेवा म्हणणाऱ्या गाण्याचा इतका नेमका उपयोग दुसऱ्या कोणी केलेला नाही.

या काळाचा भारताशी काही धागा?

एक आहे. पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी मैफल केली. पूर्वार्धात रविशंकर, अली अकबर खाँ आणि तबल्यावर मुंबईचे उस्ताद अल्लारखा. उत्तरार्धात, येईल की नाही याची शेवटपर्यंत खात्री नसलेला डिलन आला. त्या मैफलीत ड्रम्सवर जे दोघे होते त्यांतला एक जिम केल्टनर. मौनाच्या वर्षांतली ती डिलनची सगळ्यात मोठी हजेरी.

त्याच वर्षी आलेला 'डिलन' नावाचा अल्बम हाच का?

नाही, तो वेगळा. तो टाळलात तरी चालेल. कोलंबियाशी करार संपत आला होता, मे १९७३ मध्ये कंपनीचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिसची उचलबांगडी झाली, आणि डिलन डेव्हिड गेफनच्या असायलम या रेकॉर्ड कंपनीकडे गेला. कोलंबियाने नोव्हेंबरमध्ये 'सेल्फ पोर्ट्रेट' आणि 'न्यू मॉर्निंग'च्या वेळचा टाकून दिलेला माल डिलनला न विचारता बाजारात सोडला. समीक्षकांना 'पॅट गॅरेट' आवडला नसेल, पण तो निदान डिलनने स्वतः दिलेला होता.

मग तो पडता काळ संपला कधी?

पुस्तकी उत्तर: जानेवारी १९७४ मध्ये 'प्लॅनेट वेव्ह्ज' आला आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला तो त्याचा पहिला अल्बम ठरला. त्याच सुमाराला 'द बँड' नावाच्या वादकगटासोबत आठ वर्षांनी मोठा दौरा निघाला. जानेवारी १९७५ मध्ये 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' आला, आणि मग वादच मिटला. मधल्या काळात नॉर्मन रेबेन या चित्रकार-शिक्षकाकडे शिकताना बघायची दृष्टी बदलली, असं डिलन सांगतो.

मला मात्र या हिशेबात फेब्रुवारी १९७३ ची नोंद घालावीशी वाटते. तेव्हा तो परतला असं नाही म्हणत मी. पण पडद्यावर एक म्हातारा नदीकाठी बसलाय आणि त्याच्या जागी उभं राहून डिलन मोजके शब्द काढतोय, हे काम 'न्यू मॉर्निंग'च्या डिलनला जमलं नसतं.

आधी सिनेमा बघू की अल्बम ऐकू?

सिनेमा. मिळेल ती प्रत चालेल, फक्त रात्री बघा आणि मोबाइलवर नको. मग दोन-चार दिवस जाऊ द्या आणि अल्बम लावा, तोही गाणी शोधत बसण्यासाठी नव्हे. स्वयंपाक करताना, लांबच्या प्रवासात, घाटात गाडी अडकलेली असताना तो उत्तम चालतो. 'टर्की चेस' आलं की पुढे ढकला.